सात पिढ्यांची मतं

मुख्याध्यापिका जानिलबाईंनी शिक्षकखोलीतल्या लांब टेबलावरचे चहाचे पेले एका कडेला सारले आणि सगळ्यांचे फोन ओळीनं मांडून घेतले. एकतीस शिक्षक, एकतीस फोन. शिपायाचा धरून बत्तीस.

"फक्त चार हा आकडा पाठवायचा," त्या म्हणाल्या. "पुढे जागा नाही, मागे टिंब नाही. मागच्या आठवड्यात भूगोलाच्या बाईंनी 'चार, आपला बायेल, देव त्याचं भलं करो' असं पाठवलं. ते बाद झालं."

"देवाला तरी पोचलं असेल," भूगोलाच्या बाई म्हणाल्या.

"देवाकडे सिमकार्ड नाही. एका कार्डावरून वीस मतं धरतात, एकविसावं धरत नाहीत. आणि हे मतदान ऐच्छिक आहे. ज्यांनी केलं नाही त्यांची यादी पाच वाजेपर्यंत अकीमसाहेबांच्या कचेरीत द्यायची आहे."

कल्मुरात मास्तर खिडकीपाशी टोपी मांडीवर घेऊन बसले होते. सहा वर्षांपूर्वी निवृत्त झालेल्या माणसाला शिक्षकखोलीत एरवी कुणी खुर्ची देत नाही. पण ज्या चार नंबरसाठी हे फोन मांडले होते तो त्यांचा बायेल होता, त्यामुळे खुर्चीबरोबर चहाही मिळाला होता. तेहतीस वर्षं त्यांनी या शाळेत गाणं शिकवलं. इतक्या लोकांनी एकाच वेळी संगीतात लक्ष घातलेलं त्यांनी या इमारतीत आजच पाहिलं.

बायेल एकोणीस वर्षांचा होता. बिश्केकच्या वाहिनीवरच्या गाण्याच्या स्पर्धेत बारा जणांतून तो आता शेवटच्या तिघांत आला होता. परीक्षक दर आठवड्याला त्याची स्तुती करत आणि प्रेक्षक दर आठवड्याला त्याला कसाबसा आत ठेवत. त्याच्या तेरेक्ती खोऱ्यात माणसं नऊ हजार, त्यांतली अडीच हजार मॉस्कोत, आणि उरलेल्यांतल्या निम्म्यांच्या घरी फोनला रेंज मिळायची ती छपरावर चढल्यावर.

त्या शनिवारी बायेल वाचला तो चौदा मतांनी. बाहेर गेलेल्या मुलाचं गाव तेरेक्तीपेक्षा लहान होतं. जानिलबाई म्हणाल्या, शिपायानं बायकोचं आणि सासूचं कार्ड आणलं नसतं तर आज आपण रडत बसलो असतो. शिपायाला पुढचे चार दिवस सगळे नावानं हाक मारत होते.

रविवारी सकाळी वाहिनीतून ऐदाचा फोन आला. कार्यक्रमाची ही संपादक बोलायला सरळ होती. तिला गोड बोलायला वेळच नसे.

"मास्तर, तुमचा मुलगा चांगला गातो."

"माहीत आहे."

"अंतिम फेरीत समोर एलनुरा आहे. बिश्केकची. तिच्यामागे सगळी राजधानी आहे. तुम्हाला म्हणून सांगते, गाणं शेवटच्या सहांपर्यंत आणतं. त्यानंतर नकाशा."

"मग परीक्षक कशाला बसवता?"

"नकाशाकडे बघत कुणी दोन तास बसेल का?" ऐदा म्हणाली. "त्याच्यामागे एखादं मोठं खोरं आहे का, एवढं शोधा. आजोळ, सासर, काहीही."

"एकोणीस वर्षांचा आहे तो. सासर कुठून आणू?"

मास्तरांनी फोन ठेवला. एलनुरा किती चांगली गाते हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. वरच्या पट्टीत बायेल ताकद लावतो. ती पोरगी तिथे नुसती जाऊन उभी राहते. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्यांच्या हातातला पेला तसाच राहिला होता. त्यांच्या बायकोनं, सैरानं, ते पाहिलं होतं.

मोठं खोरं शोधावं लागलं नाही. ते मंगळवारी दुपारी स्वतःच दाराशी आलं.

पांढऱ्या गाडीला खिंडीतला चिखल काचेपर्यंत लागला होता. उतरले ते दोघे. एक साठीचा, रुंद, नव्या टोपीतला. त्यानं नाव सांगितलं तुर्सुनाली. दुसरा तिकडच्या अकीमच्या, म्हणजे जिल्हाप्रमुखाच्या, कचेरीतला, टाय बांधलेला, काखेत फाईल. आकजारहून आलो, असं ते म्हणाले, आणि सैरानं मळत असलेली कणीक तशीच परातीत सोडली. आकजारहून या घरी एकोणीस वर्षांत कुणी आलं नव्हतं. त्याआधीही नाहीच.

पाहुणे बसल्यावर हातावर पाणी घालायचं काम बायेलचं. तो नव्हता म्हणून मास्तरांनीच किटली आणि तस्त उचललं. आधी तुर्सुनालीच्या हातावर, मग टायवाल्याच्या, सर्वांत शेवटी स्वतःच्या. घरच्या माणसाचे हात शेवटी. सैरानं मांस आणलं. कमरेचं हाड तुर्सुनालीपुढे ठेवलं. पाहुणा कुठल्याही कामासाठी आलेला असो, मानाच्या पाहुण्यापुढे दुसरं हाड ठेवता येत नाही. मास्तरांच्या वाटणीला नेहमीप्रमाणे फासळी आली.

"मुलगा वरचा सूर घेताना कपाळाला आडवी आठी घालतो," तुर्सुनाली म्हणाला. "ती आमच्या बापाची. टीव्हीवर पाहिलं आणि माझी आई उठून उभी राहिली."

"एकोणीस वर्षं बसून होती," सैरा म्हणाली.

तुर्सुनालीनं हाड ताटातल्या ताटात वळवलं. "मेलिस माझा धाकटा भाऊ. त्यानं तेव्हा केलं ते बरं केलं नाही. आता त्याला तीन मुली आहेत."

ही क्षमायाचना होती की कारण, ते कुणी विचारलं नाही. मेलिस आणि मास्तरांची मुलगी रोझा बिश्केकला एका वर्गात होती. दुसऱ्या वर्षी मेलिसनं घरच्यांची परवानगी घेऊन येतो म्हणून आकजारची बस पकडली, आणि ती बस त्याला परत घेऊन आली नाही. रोझा पोटाशी मूल घेऊन तेरेक्तीला आली, वर्षभरानं मूल ठेवून मॉस्कोला गेली. थोरलं नातवंड आजी-आजोबांना देऊन टाकायची रीत इकडे जुनीच. त्यामुळे गावाला फार बोलता आलं नाही. मास्तरांनी मूल आपल्या नावावर लावलं. ते त्यांना बाबा म्हणायला लागलं आणि रोझाला नावानं हाक मारायला लागलं. बायेल चार वर्षांचा झाल्यावर मास्तरांनी कोमुझ या तीनतारी वाद्याच्या खोक्यावर बोटांनी ठेका धरत त्याला सात पिढ्या पाठ करून दिल्या, जशा इथल्या प्रत्येक मुलाला करून देतात: कल्मुरात, सादिर, मामबेत, आणि पुढचे चार. बायेल आयुष्यात पहिलं गाणं शिकला ते हे.

टायवाल्यानं फाईल उघडली. "आकजार जिल्ह्यात आम्ही एक लाख ऐंशी हजार आहोत."

"जिवंत?" सैरानं विचारलं.

"मतदानापुरते सगळे," तो म्हणाला. विनोद करतोय असं त्याच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. "शिवाय रशियात चाळीस हजार. प्रत्येक शाळेला, दवाखान्याला, बाजार समितीला परिपत्रक तयार आहे. फक्त सही बाकी आहे."

"सही कशासाठी थांबली?"

"तो आमचा आहे हे त्यानं सांगायला हवं," तुर्सुनाली म्हणाला. "अंतिम फेरीत सूत्रसंचालक विचारतो ना, बाळा, तू कुणाचा? तेव्हा त्यानं सात पिढ्या म्हणायच्या. आमच्या. आमच्याकडची म्हातारी माणसं टीव्हीपुढे बोटं मोजत बसतील. एक नाव मागेपुढे झालं तर फोन खिशातच राहतील. शिकवलेला पोपट आहे असं म्हणतील."

"शिकवलेलाच असणार आहे," मास्तर म्हणाले.

"म्हणूनच तुमच्याकडे आलो, मास्तर. शिकवणारा चांगला हवा."

सैरा उठली आणि कणकेकडे गेली.

"कागदावर काही बदलायचं नाही," टायवाल्यानं घाईनं सांगितलं. "फक्त तोंडी."

मास्तर त्याच्याकडे बघत राहिले. "तुम्ही आकजारचे ना? तुमच्यात कागदाला कोण विचारतं?"

टायवाल्यानं फाईल मिटली.

संध्याकाळी बायेलचा फोन आला. त्याला ऐदानं आधीच सांगितलं होतं.

"बाबा, तुम्ही म्हणाल तसं," तो म्हणाला.

हे वाक्य तो सहा वर्षांचा असताना सायकलच्या दुकानापुढे म्हणाला होता, आणि चौदाव्या वर्षी राजधानीतल्या संगीतशाळेच्या फाटकापुढे. दोन्ही वेळा सायकलीकडे आणि फाटकाकडे न बघता.

"रोझाला विचारलंस?"

"विचारलं. ती म्हणाली, मी इथे दोन पाळ्या करते, मला कुणाचा बाप कोण हे आठवायला वेळ नाही. जिंक म्हणाली."

मास्तरांनी काही वेळ फोन दुसऱ्या कानाला लावला. पहिला कान दुखत होता असं नाही.

"लिहून घेऊ नकोस," ते म्हणाले. "लिहिलेलं डोळ्यांपुढे दिसतं आणि माणूस वाचल्यासारखा बोलतो. ऐक. मेलिस, ओरोझाली, सुवान, बोकोय, तिलेक, काराबाय, एशिम. म्हण."

"कल्मु–" बायेल म्हणाला आणि थांबला.

"पुन्हा."

"बाबा, जीभच तिकडे जाते."

"जिभेचं चुकत नाही. तिला पंधरा वर्षांची सवय आहे. पुन्हा."

तिसऱ्या वेळी जमलं. मास्तर डोळे मिटून, फोनच्या शेजारी कोमुझचं खोकं घेऊन, त्यावर बोटं वाजवत होते. "बोकोयनंतर श्वास घे. बोकोय-तिलेक एका दमात घेतलंस तर तिलेक गिळला जाईल. दुसऱ्यांचे वाडवडील आहेत, गिळायचे नाहीत. आणि शेवटच्या एशिमवर सूर खाली आणू नकोस. वर ठेव. खाली आणलास की माणसं समजतात, संपलं, सुटलो."

"हो."

"पहिल्या नावावर सर्वांत जास्त जोर. लोक पहिलंच नाव ऐकतात."

"हो, बाबा."

हे रोज संध्याकाळी चाललं, शुक्रवारपर्यंत. सैरा चुलीपाशी पाठ करून बसायची. शुक्रवारी ती एकदम म्हणाली, "त्याला आवाज कुणी दिला, हे नाही का कुणी विचारत?"

"आवाज कुणी दिला ते विचारत नाहीत. कुणाचा तू, ते विचारतात."

"तुम्ही शिकवताय म्हणून तो शिकतोय."

"मी न शिकवल्यास वाईट म्हणेल. मग हरेलही आणि वाईटही म्हणेल."

मग तिनं आपला जुना, बटणांचा फोन बाहीनं पुसला. "त्या पोरीचा नंबर कितवा?"

"दोन. का?"

"चुकून तिला जायला नको."

एरवी सैराला एक संदेश लिहायला दहा मिनिटं लागत; इथे नुसता आकडा होता. मास्तरांनी तिला दोनदा करून दाखवलं: आकडा, मग हिरवं बटण. तिनं नीट लक्ष देऊन पाहिलं. हे सगळं मान्य नसूनही ती शिकते आहे, याचं मास्तरांना बरं वाटलं आणि वाईटही.

शनिवारी शाळेच्या सभागृहात पडदा लावला होता. तीनशे खुर्च्या, चारशे माणसं. जानिलबाईंनी दारात टेबल टाकून येणाऱ्या प्रत्येकाच्या फोनमध्ये पैसे आहेत की नाहीत ते तपासलं. आकजारचं प्रकरण गावात कुणाला ठाऊक नव्हतं. मास्तरांनी सांगायचं म्हणून दोनदा तोंड उघडलं होतं आणि दोन्ही वेळा हवामानाबद्दल बोलले होते.

एलनुरा आधी गायली. ती वरच्या सुरावर जाऊन उभी राहिली तेव्हा सभागृहात कुणी खोकलं नाही. मग लोकांना आपण कुठल्या बाजूचे आहोत हे आठवलं आणि सगळे एकदम खोकले.

मग बायेल आला. मास्तरांनी शिवून घेऊन दिलेला कोट त्याच्या अंगावर नव्हता. नवा होता, सोनेरी काठाचा. पडद्याखालच्या पट्टीवर त्याच्या नावापुढे इतके आठवडे 'तेरेक्ती' असायचं. आज तिथे काहीच नव्हतं.

सूत्रसंचालकानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "बायेल, सारा देश विचारतोय. बाळा, तू कुणाचा?"

मास्तरांची बोटं गुडघ्यावर ठेका धरून होती. आपण ठेका धरलाय हे त्यांना नंतर कळलं.

"मेलिस," बायेल म्हणाला, पूर्ण जोरानं. "ओरोझाली. सुवान. बोकोय." श्वास. "तिलेक. काराबाय." आणि सूर वर ठेवून, "एशिम."

एकही नाव गिळलं नव्हतं. श्वास जिथे सांगितला होता तिथे होता. तेहतीस वर्षांत मास्तरांच्या एकाही विद्यार्थ्यानं कुठलाच धडा इतका स्वच्छ म्हटला नव्हता.

पडद्यावर टाळ्यांचा कडकडाट झाला. इकडे सभागृहात आधी काहीच झालं नाही. मग मागच्या रांगेतून कुणीतरी विचारलं, "हे कोण सगळे?" आणि कुणीतरी उत्तर दिलं, "आपले नव्हेत." पुढच्या खुर्च्यांवरच्या माना एक-एक करून मास्तरांकडे वळल्या आणि त्याच क्रमानं परत गेल्या. बायेल गात होता. फोन खिशात जायला लागले. भूगोलाच्या बाईंनी आपला फोन पर्समध्ये टाकला आणि पर्सची चेन लावली.

जानिलबाई वाकून मास्तरांच्या कानाशी आल्या. "मास्तर, मी यादीत काय लिहू?"

"ऐच्छिक होतं ना," मास्तर म्हणाले.

सगळ्या सभागृहात एकाच फोनचा उजेड उरला होता, सैराचा. जाडी बोटं, वाकलेली मान. आकडा, हिरवं बटण, पुन्हा आकडा. आजूबाजूच्या बायका तिच्याकडे बघत होत्या आणि बघितलं नाही असं दाखवत होत्या. शेवटी एकीनं तिच्या खांद्यावर हात ठेवला. सैरानं तो झटकला नाही, पण थांबलीही नाही. वीस होईपर्यंत ती थांबली नाही. मास्तरांना वाटलं, लग्नाला त्रेचाळीस वर्षं झाली आणि आपल्याला या बाईचा मोठेपणा अजून पुरता कळलेला नाही.

बायेल जिंकला. एलनुराच्या तिप्पट मतं. पडद्यावर कागदाचे सोनेरी तुकडे पडत होते, आणि त्याच्या नावापुढे आता 'आकजार' असं आलं होतं. एलनुरानं त्याला मिठी मारली. तिच्या चेहऱ्यावर फारसं आश्चर्य नव्हतं. राजधानीची मुलगी, तिला नकाशा वाचता येत असणार.

लोक आवाज न करता खुर्च्या सरकवून घरी गेले. शिपायानं पडदा गुंडाळताना विचारलं, "मास्तर, म्हणजे आता आपला तो कोण लागतो?" त्याला दुखवायचं नव्हतं. त्यानं तीन कार्डांवरची साठ मतं दर आठवड्याला दिली होती; त्याला विचारायचा हक्क होता.

आकजारला मेजवानी पंधरा दिवसांनी झाली. पांढरी गाडी न्यायला आली. सैराचा गुडघा त्या सकाळी दुखायला लागला.

मोठा तंबू होता, सहाशे माणसं. मास्तरांना दारासमोरच्या, सर्वांत आतल्या मानाच्या जागेवर बसवलं. खाली तीन गाद्या. कुणीतरी मागून येऊन त्यांच्या अंगावर मखमली झगा घातला, डोक्यावर नवी टोपी ठेवली. तुर्सुनालीनं हातात ध्वनिक्षेपक घेऊन त्यांची ओळख करून दिली: मुलाचे आईकडचे आजोबा, थोर माणूस, मुलाला गाण्याची गोडी यांनीच लावली. सहाशे माणसांनी छातीवर हात ठेवून मान लववली. सगळं मनापासून होतं. त्यात खोट काढायला जागा नव्हती.

मेलिस येऊन भेटला. जाडसर, थकलेला माणूस, कपाळावर खरोखरच ती आठी. त्याला काहीतरी म्हणायचं होतं. मास्तर थांबले. शेवटी तो म्हणाला, "रस्ता त्रासाचा झाला असेल."

"खिंडीत थोडा," मास्तर म्हणाले.

मग बायेल किटली आणि तस्त घेऊन आला, खांद्यावर टॉवेल. यजमानाच्या घरचा मुलगा हे काम करतो. तंबूभर माणसं बसली होती; तो सरळ चालत आतल्या जागेपर्यंत आला, मास्तरांपुढे गुडघ्यावर बसला आणि पहिलं पाणी त्यांच्या हातावर घातलं.

मास्तरांनी हात पुढे केले तेव्हा ते क्षणभर गोंधळले. घरी ते आधी दुसऱ्यांचे हात धुऊन होण्याची वाट बघत. वाट बघायची त्यांना सवय होती.

"पाणी फार गरम नाही ना?" बायेलनं हळू आवाजात विचारलं.

"बरं आहे."

"आणि ते? त्या दिवशीचं?"

"बोकोयनंतर श्वास चांगला घेतलास."

बायेलनं मान खाली घातली. टॉवेल दोन्ही हातांनी दिला, तस्त उचललं आणि पुढच्या माणसाकडे सरकला. मेलिसच्या हातावर त्यानं पाणी घातलं ते सगळ्यांच्या शेवटी. मास्तर ते शेवटपर्यंत बघत होते. त्यासाठी त्यांना मान लांब करावी लागली, कारण मेलिस दाराजवळ बसला होता, घरच्या माणसासारखा.

मांस आलं. त्यांच्यापुढे ठेवलेल्या ताटात काय असणार हे ताट यायच्या आधीच त्यांना ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी गाडीनं त्यांना दारात सोडलं. सैरानं चहा ठेवला होता. मेजवानीतलं आपल्या वाटणीचं हाड पिशवीत घालून घरी आणतात. तसं त्यांनी आणलं होतं. ती पिशवी, झगा आणि टोपी त्यांनी टेबलावर ठेवली.

सैरानं झग्याकडे पाहिलं नाही. पिशवीची गाठ सोडली, कापड उलगडलं आणि बराच वेळ बघत राहिली.

"कमरेचं," ती म्हणाली.

"हो."

"पाणी कुणी घातलं?"

"त्यानंच."

"आधी?"

मास्तरांनी चहाचा पेला ओढून घेतला.

सैरानं सुरी काढली. हाडावरचं मांस सोडवायला लागली. एक तुकडा त्यांच्या ताटलीत, एक स्वतःच्या. तिसऱ्या ताटलीला सवयीनं हात लागला, ती तिनं परत फळीवर ठेवली.

"मी ती सगळी मतं त्या पोरीला दिली होती," ती म्हणाली. "दोन नंबरला. वीसच्या वीस."

मास्तरांनी मान वर केली. तिचे हात थांबले नव्हते. सुरी हाडाच्या खोबणीतून नीट फिरत होती.

"हरला असता तर घरी आला असता," ती म्हणाली.

बाहेर शेजारच्या अंगणात कुणीतरी रेडिओ लावला. बायेलचं गाणं होतं. दोघांनी ते शेवटपर्यंत ऐकलं. वरच्या सुराला तो अजून ताकद लावत होता.

"वीस कमी पडली," मास्तर म्हणाले.